कच्च्या रेषेचा अधिकार

व्यंगचित्र कसे तयार होते हे सांगताना एक ठरावीक क्रम सांगितला जातो. आधी कल्पना, मग पेन्सिलीने कच्चे रेखाटन, त्यावर शाई, मग स्कॅनर आणि शेवटी संगणकावर रंग आणि सफाई. या क्रमात एक गृहीत दडलेले असते. प्रत्येक पायरीवर चित्र आधीपेक्षा सुधारत जाते, पेन्सिलीचे काम म्हणजे अपुरे काम आणि संगणकावर फिरलेला शेवटचा हात म्हणजे पूर्णत्व, असे आपण धरून चालतो. हे गृहीत मला चुकीचे वाटते. व्यंगचित्राचे सगळे मोठे निर्णय कच्च्या रेखाटनात होतात. पुढच्या पायऱ्यांनी ते निर्णय न बिघडवता छापखान्यापर्यंत किंवा मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोचवायचे असतात. डिजिटल साधने हे पोचवण्याचे काम फार उत्तम करतात. पण तीच साधने निर्णयाच्या टप्प्यात लवकर शिरली की चित्र गुळगुळीत होते आणि विचार मात्र कच्चाच राहतो. दैनिकांत आणि दिवाळी अंकांत आज अशी चित्रे पुष्कळ दिसतात, आणि त्यांचा दोष एकट्या टॅब्लेटवर ढकलून भागणार नाही.

कच्च्या रेखाटनात नेमके काय घडते? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की तिथे चित्राची जुळवाजुळव होते, एकेक गोष्ट जमा होत जाते. प्रत्यक्षात तिथे जास्त करून वजाबाकी चालते. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या त्यांच्या चित्रांत सुरुवातीला सामान्य भारतीय दाखवायचा म्हणजे बंगाली, तमीळ, पंजाबी, मराठी अशी वेगवेगळ्या पेहरावांतली माणसे गर्दीने काढावी लागत. रोजच्या अंकाची वेळ गाठायची तर एवढी माणसे काढणे परवडत नसे. म्हणून ती एकेक करून गळत गेली आणि अखेर एकच उरला: टक्कल, मागे उडालेले थोडे केस, चष्मा, झुपकेदार मिशी, धोतर आणि चौकटीचा कोट. लक्ष्मण यांनी स्वतःच हा प्रवास सांगितलेला आहे. १९५१ पासून पुढे कित्येक दशके हा माणूस देशभरच्या वाचकांनी आपला मानला. त्याच्या तोंडी त्यांनी शब्दही ठेवला नाही, म्हणजे पेहरावांची वजाबाकी झाल्यावर वाणीचीही वजाबाकी झाली. या निर्णयांपैकी एकही शाईच्या दौतीत होत नाही. कोण राहील, कोण जाईल, कोण बोलेल आणि कोण नुसता पाहत उभा राहील, हे सगळे रेषा अजून खोडण्याजोगी असतानाच ठरावे लागते.

दुसरे उदाहरण शि. द. फडणीस यांचे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला 'मोहिनी'च्या दिवाळी अंकावर आलेले त्यांचे मुखपृष्ठ मराठी वाचकांच्या पिढ्यांना आठवते. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी शेजारी उभी, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. चित्राखाली ओळ नाही. या चित्रात विनोद कधी उलगडतो ते नीट पाहिले पाहिजे. आधी डोळ्यांना दोन माणसे दिसतात, मग कपड्यांवरची छपाई दिसते आणि त्यानंतर त्या छपाईतला ताण लक्षात येतो. हा क्रम उलटला तर चित्र पडते. मांजरे जास्त हुबेहूब झाली, त्यांचे डोळे जरा जास्त चमकले, तर वाचक माणसांआधी प्राण्यांकडे जाईल आणि गंमत वेळेआधी संपेल. ती फारच नक्षीसारखी, निर्जीव झाली तर गंमत पोचणारच नाही. प्राणी किती मोठे, किती दाट, दोघांत अंतर किती, कोण कुणाकडे पाहत नाही, हे सगळे हिशेब रचनेचे आहेत. रंग कितीही सुरेख लागला तरी रचनेतली चूक त्याने झाकली जात नाही. शब्द न वापरणाऱ्या चित्रकाराला तर ती झाकायला ओळीचाही आधार नसतो, म्हणून फडणीसांची चित्रे या मुद्द्यासाठी मला फार मोलाची वाटतात.

आता डिजिटल साधनांकडे येऊ. टॅब्लेटवर काढलेली रेषा यांत्रिक दिसते, तिच्यात प्राण नसतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ही तक्रार आता टिकणारी नाही. दाब आणि कल ओळखणारे स्टायलस इतके पुढे गेले आहेत की चांगल्या हाताने काढलेली ब्रशची रेषा छापून आल्यावर कागदावरची की काचेवरची हे सांगणे अवघड आहे. खरी अडचण रेषेच्या जातीत नाही, ती रेखाटनाच्या रूपात आहे. कागदावरचे कच्चे रेखाटन कच्चे दिसते. रेषांवर रेषा चढलेल्या, रबराने कागद मळलेला, डोक्याच्या जागी नुसते वर्तुळ. असा कागद बाजूला सारायला मन अडत नाही. दहा मिनिटांत दुसरा घेता येतो, त्यावर तोच प्रसंग उलट्या बाजूने मांडून पाहता येतो. पडद्यावर मात्र पहिल्या पाच मिनिटांतच चित्र देखणे होऊ लागते. रेषा आपोआप स्थिर होते, एका स्पर्शात पार्श्वभूमी रंगते, सावली पडते. कल्पना अजून तपासली गेलेली नसते आणि चित्र छापण्याजोगे दिसायला लागते. मग चित्रकार ते टाकून देत नाही, सुधारत बसतो. नाक थोडे लांबवतो, हात थोडा वर घेतो, रंग बदलतो. सुधारण्याची सोय जितकी मोठी, तितका टाकून देण्याचा धीर कमी होतो. फोटोशॉपमध्ये १९९८ पर्यंत फक्त एकच पाऊल मागे जाता येत असे. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीने मागच्या पावलांची पूर्ण यादीच हाताशी दिली. सोय मोठीच होती, पण या यादीतली पावले रेषांची असतात. फसलेली कल्पना मागे घेण्याचे बटण तिच्यात नसते, ते काम चित्रकाराने स्वतः करायचे असते, आणि देखणे चित्र समोर असताना ते करणे कठीण जाते.

यावर कोणी म्हणेल की शेवटच्या हाताला एवढे दुय्यम कसे मानता? रेषेची अंतिम नजाकत तर शाईतच उतरते. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला थोडे मागे जावे लागेल. शेवटचा हात कसा असावा हे चित्रकारापेक्षा छपाईचे तंत्रच ठरवत आले आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ओनोरे दोमिए शिळाछापाच्या दगडावर तेलकट खडूने थेट काढत असे. त्याच्या सुमारे ४,००० शिळाचित्रांत रेखाटन आणि अंतिम चित्र यांच्यात दुसरा माणूस उभा नव्हता. त्याच काळात लंडनच्या 'पंच'साठी जॉन टेनिएल लाकडी ठोकळ्यावर पेन्सिलीने काढत आणि खोदकाम करणारे कारागीर ते चित्र कोरून काढत. कोरताना पेन्सिलीचे मूळ चित्र नष्टच होई. पुढे जस्ताचे ब्लॉक आले. त्यांना करडी छटा चालत नसे, निव्वळ काळे आणि निव्वळ पांढरे लागे. म्हणून शाई अपरिहार्य झाली. फिकट निळी पेन्सिल आली तीही याच गरजेतून, कारण ब्लॉकसाठी फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या फिल्मला ती निळी रेषा दिसत नसे आणि चित्रकाराला खोडण्याचे कष्ट वाचत. म्हणजे ज्याला आपण शाईची परंपरा म्हणून मान देतो, ती बऱ्याच अंशी ब्लॉक करणाऱ्याची अट होती. ती अट गेली, ऑफसेट आले, मग संगणक आला. या सगळ्या बदलांत एकच गोष्ट कायम राहिली: दगडावर, लाकडावर किंवा कागदावर कोणाला उभे करायचे, कोणाला वगळायचे हे ठरवणारे पहिले रेखाटन.

ज्या चित्रकारांनी कामाची विभागणी केली, त्यांनी काय वाटून दिले आणि काय स्वतःकडे ठेवले हेही पाहण्यासारखे आहे. टिनटिनचे जनक एर्झे यांनी १९५० मध्ये स्टुडिओ उभारला. पार्श्वभूमी, मोटारी, विमाने, रंग ही कामे सहकाऱ्यांकडे गेली. पात्रांची पेन्सिलीतली रेखाटने मात्र एर्झे यांनी आपल्याच हातात ठेवली. त्यांची ती पाने पाहिली तर एकेका हालचालीवर रेषांचे जंजाळ दिसते. त्या जंजाळातून नेमकी एक रेषा ते ट्रेसिंग पेपरवर निवडून घेत आणि स्वच्छ कागदावर नेत. टिनटिनची ती शांत, एकसारख्या जाडीची रेषा पाहून हे सगळे सहज झाले असेल असे वाटते, पण ती सहजता अनेक रेषा नाकारून आलेली आहे. अमेरिकेत 'डून्सबरी'चे गॅरी ट्रूडो पेन्सिलीत काढत आणि ती रेखाटने फॅक्सने डॉन कार्लटन यांच्याकडे जात, शाई कार्लटन चढवत. म्हणून कोणी ती चित्रमालिका ट्रूडो यांची नाही असे म्हटलेले नाही. शाई दुसऱ्याने चढवली तरी चित्र मूळ चित्रकाराचेच राहते. पेन्सिलीतली निवड दुसऱ्याने केली असती तर ते तसे राहिले नसते.

पण याच्या विरुद्ध बाजूला चार्ल्स शुल्झ उभे आहेत. १९५० ते २००० या काळात त्यांनी 'पीनट्स'च्या १७,८९७ पट्ट्या काढल्या आणि एकाही पट्टीची शाई दुसऱ्याच्या हातात दिली नाही. उतारवयात त्यांचा हात थरथरू लागला आणि ती थरथर रेषेत उतरली. तीही त्या मुलांच्या चेहऱ्यांना शोभून दिसली. 'केल्विन अँड हॉब्स'च्या बिल वॉटरसन यांनीही शाईचा ब्रश स्वतःकडेच ठेवला. मग शेवटचा हात दुय्यम कसा? या दोघांची पद्धत जवळून पाहिली की उत्तर मिळते. दोघेही पेन्सिलीत मुद्दाम थोडके काढत. रचना ठरवून घेत, चेहऱ्याची जागा ठरवून घेत आणि बाकीचे शाईसाठी मोकळे ठेवत, म्हणजे ब्रश किंवा निब चालताना हाताला गिरवण्याचे काम उरू नये, पुन्हा काढण्याचे उरावे. इंग्लंडमधल्या क्वेंटिन ब्लेक यांनी हेच लाइटबॉक्सवर साधले. खाली रेखाटन, वर जाड कागद, आणि खालचे फार स्पष्ट दिसू नये अशी व्यवस्था. खाली काय आहे याची आठवण राहावी, पण रेषा नव्याने जन्मावी, हा त्यांचा आग्रह. तेव्हा शेवटचा हात दोन प्रकारचा असू शकतो. एक म्हणजे दुसरे रेखाटन, ज्यात पहिल्या निर्णयाच्या आधाराने हात पुन्हा धोका पत्करतो. दुसरा म्हणजे दुरुस्ती, ज्यात हात केवळ चुका झाकत जातो. शुल्झ, वॉटरसन, ब्लेक यांच्याकडे पहिला प्रकार आहे. आपल्याकडे डेव्हिड लो यांच्या ब्रशवर पोसलेली जी परंपरा 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये एकाच काळात काम करणाऱ्या लक्ष्मण आणि बाळ ठाकरे यांच्यातून आली, तीही पहिल्याच प्रकारची आहे. भरलेल्या ब्रशला अर्ध्यावर थांबता येत नाही, म्हणून तिथे हात ठाम असावाच लागतो. डिजिटल सफाईचा आजचा वापर मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. तो झुकाव साधनाच्या रचनेतच आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलणे भाग आहे.

हा झुकाव तीन जागी दिसतो. पहिली जागा म्हणजे चित्र मोठे करून पाहण्याची सोय. पडद्यावर चौपट मोठे केलेल्या चित्रात पापणीच्या केसावर अर्धा तास घालवता येतो, पण वाचक ते चित्र वर्तमानपत्राच्या एका स्तंभात किंवा तळहातावरच्या पडद्यावर पाहणार असतो. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस' ज्या आकारात छापायचे त्याच आकारात काढले, साध्या फाउंटन पेनने. चित्र मोठे काढून लहान छापले की रेषा आपोआप नाजूक आणि देखणी होते. ती मिळणारी नजाकत त्यांनी नाकारली, कारण छळछावण्यांच्या हकिकतीला तसला देखणेपणा नको होता. एवढा साधा वाटणारा निर्णयही साधनाचा नसून आशयाचा असतो, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले. दुसरी जागा म्हणजे नक्कल करण्याची सोय. चार चौकटींच्या पट्टीत एकच चेहरा चार वेळा चिकटवता येतो, फक्त तोंड बदलले की झाले. कधी कधी तेच ठेवणे हा विनोदाचा भाग असतो, तिथे नक्कल योग्यच आहे. पण एरवी माणूस बोलता बोलता खांदा पाडतो, मान वळवतो, आणि हाताने पुन्हा काढताना चित्रकाराला ते सुचते. वसंत सरवटे यांनी 'ललित'मधल्या ठणठणपाळाला घण देऊन उभे केले. तसे एखादे पात्र पुन्हा पुन्हा काढूनच चित्रकाराच्या ओळखीचे होते. तिसरी जागा म्हणजे तयार पोत आणि नक्षी. हाताने काढलेल्या कोटाच्या चौकटी खांद्याबरोबर वळतात, कोपराशी मोडतात. एका स्पर्शात भरलेल्या चौकटी कागदासारख्या सपाट राहतात आणि त्यांच्याखालचे शरीर नाहीसे होते.

याचा अर्थ डिजिटल टप्पा टाळावा असा मुळीच नाही. त्याचे खरे काम जिथे आहे तिथे त्याला पर्याय नाही, आणि ते काम समजून करणारे फार थोडे आहेत याचे मला वाईट वाटते. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, त्यामुळे छापताना प्रत्येक ठिपका आणि रेषा थोडी पसरते. चित्राची काळी रेषा जर चारही रंगांच्या मिश्रणातून बनलेली असेल, तर प्लेट केसभर सरकली तरी रेषेच्या कडेला लाल-निळी झालर उमटते आणि चेहरा धूसर होतो. म्हणून रेषा फक्त काळ्या प्लेटवर ठेवायची, रंग तिच्याखाली वेगळ्या लेयरवर आणि रेषेच्या आत किंचित सरकवून भरायचे, म्हणजे मध्ये पांढरी फट दिसत नाही. रेषाचित्र स्कॅन करताना रिझोल्यूशन छायाचित्रापेक्षा जास्त ठेवायचे, कारण डोळ्याला रंगातली खडबड चालते पण काळ्या रेषेची दातेरी कड चालत नाही. कागदाचा पिवळेपणा काढताना मात्र हात आवरायचा. पांढऱ्याची पातळी जरा जास्त ओढली की निबचे बारीक शेपूट सगळ्यात आधी उडून जाते, आणि रेषेचा वेग त्या शेपटातच असतो. हे ज्ञान पूर्वी ब्लॉकमेकरकडे आणि प्रोसेस विभागाकडे असे. आता ते चित्रकाराकडेच असावे लागते. अशी सफाई चित्राला काही जोडत नाही, चित्रात जे आहे ते वाटेत सांडू देत नाही, आणि म्हणूनच तिला मी मान देतो.

मराठी चित्रकारापुढे याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न येतो, तो अक्षरांचा. पूर्वी फुग्यातला मजकूर हाताने लिहिला जाई, आणि तो चित्राचाच भाग असे. ओरडणाऱ्याची शिरोरेखा जाड होई, कुजबुजणाऱ्याची तुटक होई. आता मजकूर बहुधा टाइप होतो. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना त्याचे चिन्हांत रूपांतर होते, आणि चित्रांच्या प्रोग्राममध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडलेली नसेल तर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाऊन बसतात, जोडाक्षरे सुटी होतात. हे दोष सुधारता येतात. पण सगळे नीट जुळले तरी छापील ठशाची अक्षरे ब्रशच्या रेषेशेजारी परकी दिसतात, दोन वेगळ्या हातांनी एकाच चौकटीत काम केल्यासारखी. इथे माझा आग्रह स्पष्ट आहे: टॅब्लेटवर का होईना, मजकूर हाताने लिहावा. कच्च्या रेखाटनातच तो लिहिला की फुगा किती जागा खाणार हेही तिथेच कळते, आणि वाक्य लांबले आहे हेही तिथेच कळते. शेवटी टाइप करून बसवलेल्या मजकुरासाठी चित्र आकसते, नाही तर फुगा पात्राच्या डोक्यावर चढतो.

आता उरलेले आक्षेप. पहिला असा की हे सगळे जुन्याचे प्रेम आहे. आजची मुले पहिल्यापासून पडद्यावरच काढतात, त्यांची विचार करण्याची पद्धतच तिथे घडते, त्यांना पेन्सिल सक्तीची का? सक्तीची मुळीच नाही. माझा मुद्दा ग्रॅफाइटचा नाही, क्रमाचा आहे. पडद्यावर एकाच राखाडी रंगात, एकाच जाडीच्या रेषेत, चित्र मोठे न करता, तळहाताएवढ्या चौकटीत पाच-सहा कच्च्या मांडण्या करता येतात आणि रंगाचा लेयर त्यांतली एक निवडेपर्यंत उघडायचा नाही असे ठरवता येते. असे काम करणारा चित्रकार माझ्या मते पेन्सिलीनेच काम करतो. एवढेच की कागद ही शिस्त आपोआप लावत असे, काचेवर ती स्वतः लावावी लागते, आणि चित्रकलेच्या शिक्षणात साधनाची बटणे शिकवली जातात तितक्या आस्थेने ती शिस्त शिकवली जात नाही. शिवाय ज्यांचा हात आता साथ देत नाही, ज्यांना बारीक दिसत नाही, त्यांच्यासाठी पडदा हा मोठाच आधार आहे. त्या आधाराविरुद्ध बोलण्याचा कोणालाही अधिकार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. दैनिकाला संध्याकाळपर्यंत चित्र हवे असते, पाच-सहा मांडण्या करायला सवड कोणाकडे आहे? मला वाटते हा हिशेब उलटा आहे. वेळ कच्च्या रेखाटनांत जात नाही, चुकलेली मांडणी देखणी करण्यात जातो. वेळेच्या दडपणाखालीच लक्ष्मण यांची गर्दी एका माणसापर्यंत आली. त्यांनी ते दडपण सफाईवर टाकले असते तर गर्दी तशीच राहिली असती, फक्त घाईत काढलेली दिसली असती. तिसरा आक्षेप मला अधिक कठीण वाटतो. वजाबाकी हाच व्यंगचित्राचा धर्म असेल तर मारिओ मिरांडा यांचे काय? लोटलीच्या त्या चित्रकाराची चित्रे माणसांनी, कुत्र्यांनी, बाल्कन्यांनी, कौलांनी भरून वाहतात, काहीच वगळलेले दिसत नाही. पण त्यांच्या गर्दीतला एकेक माणूस पाहा. प्रत्येकाला एकच वृत्ती दिलेली आहे: कोणी मिरवतो, कोणी टेहळतो, कोणी पेंगतो. प्रत्येकाची वजाबाकी स्वतंत्रपणे झालेली आहे आणि मग त्या सगळ्यांची एकत्र मांडणी झाली आहे. हे बळ कुठून आले तेही आपल्यासमोर आहे. मारिओ तरुणपणी चित्रांच्या रोजनिश्या लिहीत. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या त्या रोजनिश्या पुस्तकरूपाने आल्या आहेत. गावातले पाद्री, लग्ने, शेजारी, दावतींतली माणसे रोज चटकन टिपून ठेवलेली. वर्षानुवर्षे अशी कच्ची रेखाटने साठली, तेव्हा पुढची भरगच्च पाने एवढी जिवंत झाली.

अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. शब्दांत वर्णन टाइप केले की सुबक रंगवलेले व्यंगचित्र तयार करून देणारे प्रोग्राम. त्यांच्याविषयी बोलताना नोकऱ्यांचा आणि हक्कांचा प्रश्न पुढे येतो, आणि तो खराच आहे. पण इथल्या युक्तिवादाला त्यांच्यामुळे वेगळीच पुष्टी मिळते. त्या चित्रांत सफाई भरपूर असते आणि कच्चे रेखाटन नसतेच. सत्तेतल्या माणसाचे नाक किती लांब काढायचे, त्याच्या मागे उभ्या असलेल्या शिपायाला चेहरा द्यायचा की नाही, मृताचे चित्र काढायचे की नुसती चप्पल, यातले काहीही कोणी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवलेले नसते. व्यंगचित्रकाराला खटले, धमक्या, संपादकाची नाराजी सोसावी लागते ती अशाच निर्णयांसाठी. ओनोरे दोमिए याला १८३२ मध्ये राजाला खादाड राक्षस म्हणून काढल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, ते दगडावर खडू छान फिरला म्हणून नव्हे. निर्णयांचा टप्पा वगळून मिळणारी सफाई आता कोणालाही फुकट मिळू शकते, तर चित्रकाराचे मोल त्याच टप्प्यात उरते हे उघड आहे.

आणि नेमका तोच टप्पा आपण जपत नाही. डेव्हिड लो यांची पेन्सिलीतली अनेक स्केचेस लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. नेत्यांचे चेहरे समोर बसून टिपलेले, त्यांतून पुढे ब्रशची ती प्रसिद्ध अर्कचित्रे कशी आली हे तिथे शिकता येते. एर्झे १९८३ मध्ये वारले तेव्हा टिनटिनची शेवटची कथा रेखाटनांतच राहिली होती. १९८६ मध्ये ती कच्च्या रूपातच छापली गेली आणि वाचकांनी ती आनंदाने घेतली. मराठीत हे फार कमी झाले आहे. सरवटे यांच्यासारख्या चित्रकाराने व्यंगचित्रावर गंभीर लेखन केले, तरी आपल्या चित्रकारांचे रबराने मळलेले कागद कोणी मागून घेतले नाहीत. डिजिटल काळात हे नुकसान दुप्पट होते. कागद निदान कपाटात पडून राहत असे. पडद्यावर अंतिम चित्र पाठवताना सगळे लेयर एकत्र दाबले जातात, जागा वाचवण्यासाठी मूळ फाइल पुसली जाते, आणि चित्रकाराने काय काय नाकारले याचा पत्ता उरत नाही. उद्या शिकणाऱ्याला फक्त उत्तरे मिळतील, आकडेमोड मिळणार नाही.

हे बदलायला मोठ्या संस्थेची वाट पाहावी लागत नाही. संपादकाने रंगीत चित्र मागण्याआधी तीन कच्ची रेखाटने मागावीत आणि त्यांच्यावर चित्रकाराशी दहा मिनिटे बोलावे. दिवाळी अंकांनी दर वर्षी एका चित्रकाराच्या एका चित्राची सगळी रेखाटने, नाकारलेल्या मांडण्यांसह, क्रमाने चार पानांवर छापावीत. चित्रकारांनी अंतिम फाइलबरोबर लेयर वेगळे असलेली फाइलही ठेवावी, आणि रेखाटनाच्या लेयरवर पुन्हा न काढता नवा लेयर घेऊन काढावे. मानधनाचा विचार करतानाही चित्र एकरंगी की चौरंगी, अर्ध्या पानाचे की पाव पानाचे, एवढेच न मोजता त्यामागे किती मांडण्या करून टाकून दिल्या गेल्या हे धरले जावे. आज एकरंगी पॉकेट कार्टूनला पानभर रंगीत चित्रापेक्षा कमी पैसे मिळतात. जागेच्या हिशेबाने ते बरोबर दिसते, पण एका स्तंभाच्या त्या चौकटीत कोणाला उभे करायचे हे ठरवण्यात चित्रकाराचा उभा दिवस गेलेला असतो.